बुऱ्हाणपूरची यादी कोणाकडे?

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत एक शिलालेख अरबीत आहे आणि त्याच्या जोडीला संस्कृतातही आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातला आदिलशाह, ज्याला राजा अली खान म्हणतात, त्याने ही मशीद उभारली. संस्कृत लेखात त्याने आपल्या घराण्याची वंशावळ दिली आहे. काळ सांगताना संवत १६४६ आणि शके १५११ असे दोन्ही आकडे दिले असून वर पंचांगाचा तपशीलही जोडला आहे. इसवी सनाच्या हिशेबाने ही १५९० च्या सुरुवातीची गोष्ट. गावात येणाऱ्या पाहुण्याला हा लेख कौतुकाने दाखवला जातो आणि तो त्या योग्यतेचा आहेच. पण एखाद्या विद्यार्थ्याने त्याचा छापील पाठ शोधायला घेतला, तर त्याला दोन वेगळ्या वाटांनी जावे लागते. संस्कृत भाग रायबहादूर हिरालाल यांनी वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला. अरबी-फारसी लेखांसाठी मात्र सरकारने १९०७-०८ पासून ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’ हे निराळेच प्रकाशन चालवले होते. मशीद एक, पण ग्रंथालयात तिची कपाटे दोन.

ही अडचण हिरालाल यांना चांगली ठाऊक असावी. १९१६ साली त्यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या शिलालेखांची वर्णनात्मक यादी नागपुरातून काढली. तिची मांडणी जिल्हावार आहे आणि कोणता लेख कुठे आहे, कशाबद्दल आहे, कोणी कुठे छापला आहे हे ती सांगते. वस्तू जागच्या जागी ठेवायची आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट मात्र नीट लिहून ठेवायची, हा तिचा उद्देश. आज ग्रंथालये आणि संशोधनसंस्था इंटरनेटवर ज्या ‘लिंकां’च्या याद्या ठेवतात, त्यांचे काम नेमके हेच असते. फरक इतकाच, की हिरालाल यांच्या यादीतला दगड शंभर वर्षांनी त्याच जागी सापडतो. संकेतस्थळाचा पत्ता पाच वर्षे टिकला तरी पुष्कळ.

अशा याद्यांचा प्रश्न बुऱ्हाणपूरला इतरांपेक्षा जास्त का भिडतो, ते या गावाच्या मालकीच्या इतिहासात दिसते. इ. स. १४०० च्या सुमारास नसीर खान फारुकीने तापीकाठी हे शहर वसवले आणि खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. पुढे मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे हे मोठे ठाणे झाले. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर ते निजामाकडून पेशव्यांकडे आले, पेशव्यांकडून शिंद्यांकडे गेले, १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज फौजेने ते घेतले आणि तहानंतर पुन्हा शिंद्यांना दिले. १८६० च्या सुमारास ते कायमचे इंग्रजी अमलात गेले. १८६४ पासून ते ज्यात होते तो निमाड जिल्हा मध्य प्रांतात, म्हणजे कारभार नागपूरहून. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि वऱ्हाड मराठी मुलखाकडे गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिले. स्वतंत्र बुऱ्हाणपूर जिल्हा झाला तो १५ ऑगस्ट २००३ रोजी.

प्रत्येक राज्यकर्ता जाताना गाव मागे ठेवून गेला, कागद मात्र बरोबर घेऊन गेला. त्यामुळे आज शाहजहान-औरंगजेबाच्या काळातली दख्खनची मोगल दप्तरे हैदराबादच्या पुरालेखागारात आहेत, आणि त्यांची संख्या दीड लाखाच्या घरात जाते. पेशवे दप्तर पुण्यात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींचा पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. डच व्यापाऱ्यांनाही इथले कापड हवे होते आणि त्यांच्या कंपनीची दप्तरे हेगला आहेत. मध्य प्रांताचे छापील अहवाल नागपूर, भोपाळ, लंडन असे विखुरलेले आहेत.

एकाच घटनेवरून ही विखुरण लक्षात येईल. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला. त्याचे वर्णन खाफी खानाच्या फारसी इतिहासात आहे. त्या काळाचा दुसरा मोठा साक्षीदार भीमसेन सक्सेना हा तर जन्मानेच बुऱ्हाणपूरकर. त्याच्या ‘तारीख-ए-दिलकुशा’चे फारसी हस्तलिखित लंडनला आहे. इंग्रजी अनुवाद मात्र महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाने १९७२ मध्ये वि. गो. खोबरेकर यांच्या संपादनाखाली मुंबईतून काढला. म्हणजे आज मध्य प्रदेशात असलेल्या गावातल्या माणसाचे पुस्तक वाचायला महाराष्ट्राच्या शासकीय प्रकाशनाकडे जायचे आणि मूळ पाहायचे तर लंडनला. यातली कोणतीही एक संस्था ‘बुऱ्हाणपूरची साधने’ अशी यादी करू लागली तर ती स्वतःच्या कपाटापुरतीच करील. त्यात तिचा दोष नाही. दुसऱ्याचे कपाट तिला दिसतच नाही.

आता याद्यांकडे वळू. वेबच्या अगदी पहिल्या दिवसांत शोधयंत्रे नव्हती. कुठे काय आहे हे माणसांनीच लिहून ठेवायचे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीच १९९१ मध्ये विषयवार याद्यांचे एक ‘आभासी ग्रंथालय’ सुरू केले आणि एकेक विषय एकेका जाणकाराला वाटून दिला. आशियाच्या अभ्यासाचा भाग ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या मॅथ्यू चोलेक यांनी वर्षानुवर्षे सांभाळला. दक्षिण आशियासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अशीच यादी चालवली. मग शोधयंत्रे आली आणि अनेकांना वाटले की आता याद्यांची गरज संपली. याहूची प्रसिद्ध निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली. हजारो स्वयंसेवकांनी उभी केलेली डीमॉझ ही निर्देशिका २०१७ मध्ये मिटली.

गरज मात्र संपली नव्हती. शोधयंत्राला विचारले की ते लोकप्रिय पाने आधी दाखवते. बुऱ्हाणपूर म्हटले की मुमताज महल, तिचा १६३१ मधला मृत्यू, जैनाबादच्या आहूखान्यातले तात्पुरते दफन, हे सगळे पहिल्या झटक्यात समोर येते. निमाडच्या जमीन महसुलावर कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी लिहिलेला एकोणिसाव्या शतकातला अहवाल किंवा १९०८ चे निमाड गॅझेटियर शोधयंत्राच्या पोटात असते, पण ते आहे हे माहीत असलेल्यालाच मिळते. यादीचा उपयोग तिथे आहे. काय शोधायचे हेच ज्याला अजून माहीत नाही, त्या विद्यार्थ्यासाठी ती असते.

यादी करणे फारसे कठीण नाही. ती जिवंत ठेवणे मात्र भलतेच कठीण. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याआधी हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तपासले, तेव्हा त्यांत दिलेल्या दुव्यांपैकी निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचवत नाहीत असे आढळले. न्यायालयाच्या निकालांची ही गत, तर जिल्ह्याच्या इतिहासाची काय वर्णावी? आपल्याकडे मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळाचा पत्ता एकाहून अधिक वेळा बदलला आहे. मजकूर जागेवर असतो, पण जुन्या लेखांतल्या तळटीपा पोरक्या होतात.

याहून मोठे उदाहरण ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे. देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो जुनी पुस्तके या सरकारी प्रकल्पात स्कॅन झाली. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले आणि त्याच्याकडे जाणारे सगळे दुवे एका दिवसात निकामी झाले. सुदैवाने पाच लाखांवर पुस्तकांच्या प्रती अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हवर पोचल्या होत्या. आजही तिथे त्या पुस्तकांच्या ओळखखुणेत ‘डीएलआय’ ही अक्षरे दिसतात. गॅझेटियरे, प्रवासवर्णने, साधनखंड असे बुऱ्हाणपूरच्या अभ्यासकाला लागणारे बरेच काही या साठ्यात आहे. पण पुष्कळ नोंदींत शीर्षके चुकीची, लेखकाचे नाव अर्धवट, खंड कोणता ते लिहिलेले नाही. पुस्तक बचावले, पण त्याच्यापर्यंतची वाट हरवली. कोणीतरी जाणत्याने ते उघडून ‘हा अमुक खंड, यात बुऱ्हाणपूरचे प्रकरण आहे’ अशी ओळ लिहिली, तरच ते पुन्हा वापरात येते.

हे काम अनेकांनी मिळून सांभाळले तरी काय होऊ शकते, ते ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या सात विद्यापीठांनी मिळून २००६ मध्ये ‘इंट्यूट’ ही सेवा उभी केली. आधी विषयवार वेगवेगळ्या असलेल्या याद्या तिच्यात एकत्र आल्या. प्रत्येक दुवा विषयातल्या माणसाने पाहिलेला, त्यावर दोन-चार ओळींचे वर्णन लिहिलेले, आणि अशा नोंदी लाखाहून अधिक. काम उत्तम होते, त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पण सगळा पैसा एकाच झऱ्यातून येत होता. २०१० मध्ये तो अनुदानाचा झरा आटला आणि जुलै २०११ मध्ये सेवा थांबली. पाने काही काळ तशीच ठेवली होती, पण राखण नसलेली यादी हळूहळू दिशाभूल करू लागते. सहकार्य होते, वाटणी मात्र कामाची झाली होती, जबाबदारीची नाही, असे माझे मत. प्रत्येक विद्यापीठाने आपला भाग स्वतःचा मानून स्वतःच्या नेहमीच्या खर्चात बसवला असता, तर तुकड्यातुकड्यांनी का होईना तो टिकला असता.

जर्मनांनी वाटणी आधी केली आणि वेब नंतर आले, हे त्यांचे नशीब. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा कमी होता. तेव्हा १९४९ पासून तिथल्या संशोधन परिषदेने एकेका ग्रंथालयाला एकेक प्रदेश नेमून दिला आणि बाकीच्यांनी त्याच्यावर विसंबायचे असे ठरले. पूर्व आशिया बर्लिनकडे गेला, आफ्रिकेचा सहारापलीकडचा भाग फ्रँकफर्टकडे; मध्यपूर्व हालेकडे आणि दक्षिण आशिया हायडेलबर्गकडे आला तो मात्र पुष्कळ नंतर. पुढे वेब आल्यावर हीच ग्रंथालये आपापल्या प्रदेशाच्या संकेतस्थळांची यादी ठेवू लागली. मग त्यांच्यापैकी काहींच्या लक्षात आले की आपण बऱ्याचदा एकच संकेतस्थळ वेगवेगळ्या कोपऱ्यांतून नोंदवत आहोत. त्यातून ‘ॲकॅडमिक लिंकशेअर’ नावाची व्यवस्था झाली. एका ग्रंथालयाने दुव्याची नोंद केली की ती सामाईक साठ्यात जायची आणि बाकीच्यांनी हवी ती उचलून आपल्या पानावर दाखवायची. पत्ता बदलला तर दुरुस्ती एकाच ठिकाणी.

यातली यंत्रणा समजायला फार तांत्रिक डोके लागत नाही. प्रत्येक दुव्याची नोंद ठरलेल्या रकान्यांत करायची : शीर्षक, कर्ता, विषय, भाषा, काळ, ठिकाण, हक्क. असे पंधरा मूळ रकाने ‘डब्लिन कोअर’ या नावाने १९९० च्या दशकापासून रूढ झाले आहेत. रकाने सारखे असले की एका संस्थेचा संगणक दुसऱ्या संस्थेकडे ठरावीक वेळाने जाऊन ‘मागच्या खेपेनंतर काय नवे, काय बदलले’ एवढेच विचारून नोंदी आणू शकतो. त्यासाठीचा नियमही २००१ पासून आहे आणि तो फुकट आहे. दुवा मेला का हे तपासायचे कामही यंत्र करते, पण इथे एक मेख आहे. मेलेले पान उघडले की काही सर्व्हर सरळ ‘सापडत नाही’ असे सांगतात. काही मात्र गुपचूप मुखपृष्ठावर नेऊन सोडतात आणि यंत्राला ‘सर्व ठीक’ असे कळवतात. अशा वेळी माणसाची नजर लागते. मराठी, फारसी किंवा डच कागदाकडे जाणाऱ्या दुव्यावर ती नजर ती भाषा वाचणाऱ्याची असायला हवी. सहकार्याची खरी गरज इथे आहे. सर्व्हर कोणीही विकत घेऊ शकतो. मोडी वाचणारा, शिकस्ता फारसी वाचणारा आणि सतराव्या शतकातली डच लिपी वाचणारा अशी तीन माणसे एकाच संस्थेत मिळणे कठीण.

नावांचाही घोळ आहे. आपण बुऱ्हाणपूर लिहितो, हिंदीत बुरहानपुर. सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये शाहजादा परवेझला भेटायला इथे आला. त्याच्या आणि त्याच्यानंतरच्या इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत हेच नाव ब्रॅमपूर, ब्रॅमपोर अशा रूपांत येते. मोगल दप्तरात ते कधी ‘दारुस्सुरूर’ या उपाधीने येते. यादीत ही सगळी रूपे एका ओळखक्रमांकाखाली बांधली नाहीत, तर विद्यार्थ्याला त्याने टाइप केलेल्या लिपीपुरतेच बुऱ्हाणपूर दिसते. जगभरच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी व्यक्तिनामांसाठी असा सामाईक अधिकृत-नाम संग्रह केलेला आहे. खानदेशातल्या गावांची, परगण्यांची, पुऱ्यांची जुनी-नवी रूपे जुळवणारा तसा संग्रह कोणी करायला घेतला, तर माझ्या दृष्टीने ते काम एखाद्या नव्या ग्रंथापेक्षा मोलाचे ठरेल.

दक्षिण आशियाच्या बाबतीत अमेरिकन ग्रंथालयांनीही एकत्र येण्याची सवय लवकर लावून घेतली. १९६० च्या दशकात अमेरिकन धान्याच्या बदल्यात साठलेल्या रुपयांतून भारतीय पुस्तके तिकडच्या विद्यापीठांना मिळू लागली. १९६७ पासून ग्रंथालयांच्या एका गटाने दक्षिण आशियाई साहित्याचे मायक्रोफिल्म सामाईक खर्चाने करायला सुरुवात केली. त्याच गटाच्या कामातून पुढे ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज’ हा खुला साठा उभा राहिला. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी कोश आणि इंपीरियल गॅझेटियर हे दोन्ही आहेत. मराठी अभ्यासक ते रोज वापरतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनेही आपल्या ग्रंथालयातली दुर्मीळ पुस्तके स्कॅन करून खुली केली. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आहे, खरगपूरच्या आयआयटीने चालवलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. साठे वाढले आहेत. त्यांच्यामधल्या वाटा मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत.

मराठीत सूचीची परंपरा तशी भक्कम. शंकर गणेश दात्यांची १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची १९४३ मध्ये आली, आणि इतके अफाट काम मुख्यत्वे एका माणसाच्या चिकाटीवर उभे राहिले. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड १८९८ पासून निघत गेले. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत काढले. या परंपरेचा अभिमान बाळगावाच, पण तिचा एक तोटाही आहे. एका तपस्व्यावर भिस्त ठेवायची आपल्याला सवय लागली. छापील सूची त्या माणसानंतरही कपाटात उभी राहते. दुव्यांची यादी मात्र राखणारा गेला की वर्षभरात कुजायला लागते.

मग बुऱ्हाणपूरसाठी काय करता येईल? माझ्या मनातली वाटणी साधी आहे. मोडी आणि मराठी कागदांच्या दुव्यांवर पुण्याच्या संस्थांनी लक्ष ठेवावे, म्हणजे पुराभिलेखागार आणि १९१० पासून काम करणारे भारत इतिहास संशोधक मंडळ. खानदेशाची स्थानिक साधने धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे. मोगल फारसी दप्तर हैदराबादकडे, इंग्रजी राजवटीतले प्रांतिक अहवाल भोपाळ आणि नागपूरकडे, बाहेरच्या देशांतले साठे हायडेलबर्ग-शिकागोकडे, त्या संस्था तसेही ते काम करतातच. आणि बुऱ्हाणपूरच्या महाविद्यालयांनी असे काम घ्यावे जे बाकी कोणालाच जमणार नाही : नोंदीतला पुरा म्हणजे आजचा कोणता मोहल्ला, छायाचित्रातला दरवाजा शनवारा की इतवारा, जुन्या पाणीव्यवस्थेची कुंडी कोणत्या ओळीतली, हे पाहून लिहिणे. इथल्या वर्गात हिंदी, मराठी आणि उर्दू जाणणारी मुले शेजारी बसतात. पुण्यातल्या किंवा भोपाळमधल्या किती संस्थांना तसे म्हणता येईल?

या संस्थांमधल्या करारात दोन कलमे असावीत. नोंदींवर कोणाचा हक्क नसावा. युरोपातल्या संग्रहालयांच्या ‘युरोपियाना’ने २०१२ पासून वर्णनाच्या नोंदी पूर्ण हक्कमुक्त केल्या आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही. दुसरे कलम म्हणजे एखादी संस्था बाहेर पडली तरी तिच्या नोंदींची प्रत इतरांकडे राहील आणि तिचा वाटा कोण उचलेल हे आधीच लिहिलेले असेल. तिसरी गोष्ट कलमाची नाही, सवयीची आहे. दुवा नोंदवताना त्याच क्षणी त्या पानाची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन करायची. एका बटनाचे काम आहे आणि पुढचे कितीतरी शोध वाचतात.

हे काम आत्ताच का, याला एक ताजे कारण आहे. मार्च २०२४ मध्ये बुऱ्हाणपूरच्या खुनी भंडाऱ्याचे, म्हणजे कुंडी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून उताराने शहरात आणणारी ही व्यवस्था बांधली गेली. शंभरावर उभ्या कुंड्या एका ओळीत आहेत. संभाव्य यादीतून पक्क्या यादीत जायचे तर तशाच इतर रचनांशी तुलना करून दाखवावी लागते. त्या रचना काही दूर नाहीत. औरंगाबादच्या नहरी आहेत, त्यांतली एक मलिक अंबरची, आणि बीदरची करेझ आहे. पण औरंगाबाद आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर आहे आणि त्याचे कागद महाराष्ट्राकडे, बीदर कर्नाटकात, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. नहर, करेझ आणि कुंडी या तीन शब्दांखाली नोंदवलेले अहवाल, नकाशे आणि भूजलाची मापे एका पानावर आणायची, तर तीन राज्यांतल्या तीन ग्रंथपालांनी एकमेकांना फोन करण्यापासून सुरुवात करावी लागेल.